अंधार पडायच्या आत

खडकीच्या बसस्टॉपवर रोज संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला एक आठ वर्षांची मुलगी उभी असायची. थंडीच्या दिवसांत तिच्या अंगात आईचा जुना स्वेटर असे, बाह्या दोनदा दुमडलेला. बस आली की तिचे वडील उतरायचे, तिच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि दोघं घराकडे चालू लागायची. गल्लीतल्या बायका म्हणत, "शिवाजीरावांची विनी म्हणजे बापाचं शेपूट." मुलगी हसायची. तसं हसायला तिला शिकवलेलं होतं.

खरी गोष्ट अशी होती की दिवस मावळला की तिच्या वडिलांना दिसत नसे. रातांधळेपणा. घरात तो शब्द कोणी उच्चारत नसे, कारण कारखान्यात कळलं असतं तर नोकरी गेली असती. रात्रपाळी लागली की सुधाकरकाका नावाचे त्यांचे मित्र आपली दिवसपाळी त्यांना देऊन टाकत, आणि "शिवाजीला पोटाचा त्रास आहे" असं सगळ्यांना सांगत. उरायचा तो बसस्टॉप ते घर हा दहा मिनिटांचा रस्ता. तो विनीच्या वाट्याला आला.

"पायरी," ती हळूच म्हणायची, शाळेतलं काहीतरी सांगत असल्यासारखी. "आता खड्डा. सायकल आडवी आहे, माझ्या बाजूला या."

लाडाने ठेवलेला हात हलका असतो. हा हात वजन टाकायचा. अंगठा मानेच्या कडेला टेकलेला असायचा, आणि ती थबकली की पायांच्या आधी त्या अंगठ्याला कळायचं. ती मोठी झाली, कॉलेजात गेली, संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी झाली, तरी संध्याकाळी सव्वासहाला ती बसस्टॉपवर असायची. मैत्रिणींना वाटायचं, घरचे कडक आहेत.

तिचं लग्न ठरलं तेव्हा पाहुण्यांना सकाळी अकराला बोलावलं. लग्न विहारात सकाळी दहाला लागलं आणि वेळेवर लागलं म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. नवऱ्याला, चंद्रशेखर मेश्रामला, सासऱ्यांबद्दल एवढंच माहीत झालं की त्यांना मोतीबिंदू आहे आणि ते लवकर झोपतात. चंद्रशेखर इलेक्ट्रिशियन. लग्नानंतर दोनच वर्षांत त्याला ऑकलंडला काम मिळालं. हेन्डरसन या उपनगरात भाड्याचं घर घेतलं, तिथेच सारंग जन्मला, आणि तो दोन वर्षांचा असताना खडकीला शिवाजीराव पडल्याचं निमित्त होऊन गेले. शेवटची काही वर्षं त्यांना दिवसाही नळीतून बघितल्यासारखंच दिसत होतं. विनिताने फोनवर आईला विचारलं होतं, "बाबा पडले कसे?" आई म्हणाली, "दुपार होती गं, म्हणून एकटे गेले."

या गोष्टीला वीस-एकवीस वर्षं झाली.

आता विनिता ऑकलंडच्याच पेनरोज भागातल्या एका कुरिअर कंपनीत डेटाबेस सांभाळत होती. तिचं टेबल वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी. खाली डेपोत पहाटेपासून गाड्या भरल्या जायच्या. प्रत्येक गाडीत हाताच्या पंजाएवढी एक डबी बसवलेली असे आणि दर पंधरा सेकंदांनी ती दोनच गोष्टी कळवी: मी कुठे आहे आणि किती वाजलेत. देशभरातल्या चारशे गाड्या, दिवसभर, वर्षानुवर्षं. ते सगळं साठवायचं, आणि कोणी विचारलं तर क्षणात शोधून द्यायचं.

"म्हणजे तू नेमकं करतेस काय गं?" चंद्रशेखर दर काही महिन्यांनी विचारायचा.

"लोक विचारतात, माझं पार्सल कुठे आहे. मी विचारते, ते केव्हा कुठे होतं."

"मग मिळतं पार्सल?"

"पार्सल मिळेलच असं नाही. कारण मिळतं."

नव्या मुलांना ती मन लावून शिकवायची. नुसती जागा काही सांगत नाही आणि नुसती वेळही काही सांगत नाही, असं तिचं म्हणणं. शाळेबाहेर गाडी उभी आहे, यात काय विशेष? मंगळवारी अकराला उभी असेल तर ती पार्सल देतेय. रविवारी रात्री उभी असेल तर ती कोणीतरी पळवलीय. दोन्ही शेजारी ठेवली की गोष्ट बोलायला लागते. आणखी एक बाब ती पुन्हापुन्हा सांगायची. गाडी डोंगराआड गेली की डबीचा निरोप अडकतो आणि अर्ध्या तासाने येऊन पोचतो. म्हणून एखादी गोष्ट घडली केव्हा आणि आपल्याला कळली केव्हा, याचे दोन वेगळे रकाने असतात. त्यांची गल्लत करायची नाही.

कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर, कधीपासून कधीपर्यंत, याचीही नोंद असे. जो अजून कामावर आहे त्याच्या 'पर्यंत'च्या रकान्यात ३१ डिसेंबर ९९९९ ही तारीख असायची. रिकामा रकाना चालत नाही, म्हणून ही सोय. माणूस सोडून गेला की ते चार नऊ काढायचे आणि खरी तारीख टाकायची. ओळ कधीही पुसायची नाही.

"ताई, म्हणजे आपण सगळे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत इथेच का?" शुभमने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. शुभम नाशिकचा, इथे शिकायला आला आणि राहिला.

"तू तरी नक्कीच. हातातलं काम संपवतोस कुठे?"

त्या तक्त्यात एक ओळ सारंगची होती.

सारंग आता तेवीस वर्षांचा होता. तो वेलिंग्टनला शिकायला गेला आणि दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडून बसला. संध्याकाळची लेक्चर्स जमत नाहीत म्हणाला. विनिताला तो आळस वाटला आणि ती तसं बोललीही. पुढे तिनेच आपल्या मॅनेजरला, नायरीला, विचारून त्याला कंपनीच्या वेलिंग्टनमधल्या जॉन्सनव्हिल डेपोत गाडीवर लावून दिलं. तो तिथेच दोन मित्रांबरोबर राहायचा. फोन आठवड्यातून एकदा, रविवारी, दहा मिनिटं. ती मराठीत विचारणार आणि तो इंग्रजीत उत्तर देणार. "जेवलास का?" "येस, आई." "काय?" "फूड, आई."

कोणाही एका माणसाची गाडी कामाशिवाय बघायची नाही, असा कंपनीचा नियम होता. बघायचीच असेल तर पडदा आधी कारण विचारायचा, आणि कोणी, केव्हा, काय बघितलं हे कायमचं नोंदवलं जायचं. "विनिताताई, आज बाळाचा ठिपका कुठेय?" असं शुभम पडद्यावरच्या नकाशाकडे बघत चिडवायचा. "गप रे. माझ्यासाठी चारशे ठिपके सारखेच." तीन वर्षांत तिने एकदाही बघितलं नव्हतं. मनात आलं नाही असं नाही. वेलिंग्टनला वारा सुटल्याची बातमी आली की तिचा हात माऊसवर जाऊन थांबायचा.

जूनमधल्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका मंगळवारी दुपारी बाराच्या सुमाराला सारंगचा मेसेज आला. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत. तेवढ्यानेच ती सावध झाली. "आई, परवा हॉस्पिटल. संध्याकाळी कॉल करतो."

तिने तो तीनदा वाचला. परवा. गेला परवा की येता परवा? वाक्यात क्रियापद नव्हतं. जाऊन आला, की जाणार आहे? तिने फोन लावला, त्याने घेतला नाही. कामावर असताना तो घेत नसे. तिने लिहिलं, "परवा म्हणजे कधी?" उत्तर नाही.

एवढासा शब्द, आणि भूतकाळही त्याचाच, भविष्यही त्याचंच. दिवसभर वेळेचे रकाने वेगळे करणाऱ्या बाईला त्या एका शब्दाने वेडं केलं. गेला परवा म्हणजे रविवार. रविवारी तर फोन झाला होता, काही बोलला नाही. लागलंय का त्याला? गाडी ठोकलीय का? डबा उघडून तिने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच परत ठेवला. शुभम जेवायला खाली गेलेला. तिने सारंगच्या गाडीचा नंबर टाकला.

कारण लिहा, पडदा म्हणाला.

तिला खोटं सुचेना. तिने इंग्रजी अक्षरांत लिहिलं: काळजी.

रविवारी गाडी डेपोतच होती. सोमवारीही ठीक. अपघाताची खूण कुठे नव्हती. तिथे तिने थांबायला हवं होतं. पण हॉस्पिटलला आधी कधी गेला होता का, म्हणून तिने आठवडा काढला, मग महिना, मग जानेवारीपासूनचं सगळं. हॉस्पिटल कुठेच नव्हतं. होती ती रोजची शेवटची पार्सलं, आणि त्यांच्या वेळा तिला खटकल्या. फेब्रुवारीत साडेपाच. एप्रिलमध्ये सव्वापाच. मेमध्ये पावणेपाच. जूनमध्ये साडेचारच्याही आधी गाडी डेपोत येऊन उभी. पावसाच्या दिवशी आणखी लवकर. सकाळीही उजाडल्याशिवाय चाक हलत नव्हतं. संध्याकाळची उरलेली पार्सलं दुसरा एक ड्रायव्हर घेत होता, आणि त्याच्या बदल्यात दुपारच्या जड फेऱ्या सारंग करत होता. अदलाबदल ठरवून केलेली, इतकी व्यवस्थित की कोणाची तक्रार येऊ नये.

सुधाकरकाका. जॉन्सनव्हिलमध्येसुद्धा एक सुधाकरकाका होता.

तिने वेलिंग्टनच्या सूर्यास्ताच्या वेळा काढल्या आणि त्या वेळांच्या रेषेखाली सारंगच्या गाडीची रेष ठेवली. एप्रिलपासून दोन्ही रेषा एकमेकींना धरून खाली उतरत होत्या, मध्ये अर्ध्या तासाचं अंतर राखून. दुसऱ्या कोणी बघितलं असतं तर म्हणाला असता, पोरगा कामचुकार आहे. तिने स्वेटरच्या बाह्या दुमडल्या, नुसत्याच, आणि बसून राहिली.

"ताई, बरं नाही का?" शुभम वर आला होता.

"काही नाही रे. पोटात दुखतंय," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिला आठवलं, हे तर सुधाकरकाकांचं वाक्य.

संध्याकाळी सहाला सारंगचा फोन आला. चंद्रशेखर समोर भाजी चिरत बसला होता. आपण काही बोलायचं नाही, त्याला बोलू द्यायचं, असं तिने गाडी चालवताना हेन्डरसनपर्यंत घोकलं होतं.

"हाय आई. ओके, सो. मला एक सांगायचंय." तो मराठीत बोलत होता. थांबून थांबून, वाचून दाखवावं तसा. "गुरुवारी माझी एक अपॉइंटमेंट आहे. तू घाबरू नको. माझ्या डोळ्यां..."

"तू अंधारात गाडी चालवत नाहीस ना रे? एप्रिलपासून बंद केलंस ना? ती संध्याकाळची पार्सलं तो दुसरा मुलगाच घेतो ना?"

मग तो इंग्रजीत गेला.

"हाऊ डू यू नो दॅट?"

"सारंग..."

"डिड यू लुक मी अप?"

"तू परवा म्हणालास. मला कळेना मागचा की पुढचा. काळजी वाटली रे, बाळा."

"परवा म्हणजे गुरुवार! दुसरं काय?" त्याचा आवाज फाटला. "मी सांगणार होतो, आई. आज. मी लिहून काढलं होतं. इन मराठी. गूगल नाही, ओन. दोन दिवस लागले. मला विचारायचं होतं की..." तो थांबला. "फर्गेट इट."

"काय विचारायचं होतं? बोल ना."

"यू ऑलरेडी नो एव्हरीथिंग," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

चंद्रशेखरने सुरी खाली ठेवली. "काय विचारणार होता तो?"

"तू येशील का, हेच असणार," विनिता म्हणाली. मग तिने नवऱ्याला बसस्टॉपपासूनची हकिगत सांगितली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. भाजी चिरलेली तशीच राहिली. चंद्रशेखर थट्टेखोर माणूस, पण त्या दिवशी त्याला थट्टा सुचली नाही. बराच वेळ तो छताकडच्या दिव्यांकडे बघत होता. भाड्याचं सोडून हे स्वतःचं घर घेतल्यावर त्याने प्रत्येक खोलीत गरजेपेक्षा दोन दिवे जास्त बसवले होते, कारण बायको संध्याकाळ झाली की सगळे दिवे लावते हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याला वाटायचं, तिला अंधाराची भीती वाटते.

"मोतीबिंदू म्हणाला होतात तुम्ही," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मला सांगितलं असतंस तर मी काय लग्न मोडणार होतो?"

तिला वाटलं, मोडलंही असतं कदाचित. तेव्हा तो तिचा कोण होता?

"जा तू गुरुवारी," तो म्हणाला.

"त्याने बोलावलं नाही."

"बोलावणारच होता ना? मग जा. फार तर हाकलून देईल."

गुरुवारी पहाटेच्या विमानाने ती वेलिंग्टनला उतरली. अपॉइंटमेंट किती वाजता आहे हे तिला माहीत नव्हतं आणि शोधायचं नाही हे तिने ठरवलं होतं. सकाळी आठला हॉस्पिटलचा डोळ्यांचा विभाग उघडला तेव्हा ती दाराशी उभी होती.

"किया ओरा," काउंटरवरच्या बाईने माओरी भाषेत नमस्कार केला. "कोणासाठी आलात?"

"मुलासाठी. तो येईल."

"नाव सांगा, मी वेळ बघून सांगते."

"नको," विनिता म्हणाली. "बघू नका, प्लीज. मी बसते."

ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. दहा वाजले, बारा वाजले. पांढऱ्या काठ्यांची माणसं आली नि गेली. एक म्हातारा आपल्या नातीच्या खांद्यावर हात ठेवून आला, तेव्हा तिने मान फिरवून भिंतीवरचं पोस्टर वाचलं. काउंटरवरच्या बाईने दोनदा चहा आणून दिला. डब्यातल्या पोळ्या तिने उघडल्या नाहीत. त्या त्याच्यासाठी होत्या.

दोन चाळीसला सारंग आला. भरभर, नेहमीसारखा, हात जाकिटाच्या खिशात. दिवसाउजेडी त्याला बघून कोणालाही संशय आला नसता. तिला बघून तो जागीच उभा राहिला.

"तू वेळ पण बघितलीस?"

"नाही रे. आत्ताच आले मी."

"आठ वाजल्यापासून बसल्यात त्या," भाषा न कळताच काउंटरवरची बाई मध्ये म्हणाली. "मला नावसुद्धा सांगेनात."

सारंगने आईकडे बघितलं, मग तिच्या मांडीवरच्या डब्याकडे. तो येऊन बसला, पण मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून.

"आय अ‍ॅम स्टिल अँग्री," तो म्हणाला.

"राहा. पोळी खातोस?"

"नो." मग जरा वेळाने, "कसली भाजी?"

आत डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बराच वेळ उजेड टाकून बघितलं. बाजूचं दिसणं कमी होत चाललंय, त्या म्हणाल्या. मग कागद घेतला आणि विचारलं, घरात आणखी कोणाला असा त्रास होता का?

सारंग म्हणाला, "नो. नोबडी."

"होता," विनिता म्हणाली.

तिने सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, म्हणून कदाचित सोपं गेलं. डॉक्टरांनी कागदावर एक चौकोन काढला आणि तो काळा केला. हे आजोबा. त्याखाली एक वर्तुळ काढलं आणि त्याच्या मधोमध पेनाने एक ठिपका टेकवला. या तुम्ही. तुम्हाला त्रास नाही, पण तुमच्यातून पुढे जातं. त्याखाली आणखी एक चौकोन, काळा.

विनिता त्या ठिपक्याकडे बघत राहिली. आयुष्यभर तिने ठिपके सांभाळले होते.

"तुला माहीत होतं?" सारंगने विचारलं. मराठीत.

नाही म्हणणं सोपं होतं. "बाबांना होतं ते माहीत होतं," ती म्हणाली. "तू चार वर्षांचा असताना एकदा सिनेमा बघायला गेलो होतो. दिवे गेले आणि तू खुर्चीवर जाऊन आपटलास. त्या आठवड्यात मी वाचलं. मुलीकडून नातवाकडे जाऊ शकतं, असं लिहिलं होतं. मी ते पान बंद केलं. तू तर दिवसभर खेळायचास, चेंडू पकडायचास. मला वाटलं, तुझ्यापर्यंत आलं नसेल."

"नाइन्टीन इयर्स, आई."

"हो."

घडलं केव्हा आणि कळलं केव्हा, यांत अंतर पडतं ते मध्ये डोंगर आला की, असं ती मुलांना शिकवायची. इथे मध्ये तीच उभी होती.

डॉक्टर पुष्कळ काही बोलल्या. यावर आज औषध नाही, तपासण्या होतील, संशोधन चाललंय. बरीच वर्षं वाचता येईल, काम करता येईल, चालणं लवकर अवघड होईल. गाडी मात्र आजपासून बंद. तसं पत्र त्यांनी दिलं. सारंगने ते घडी करून खिशात ठेवलं आणि खिशावरून दोनदा हात फिरवला.

पुढच्या सोमवारी त्याने जॉन्सनव्हिलच्या डेपोत किल्ल्या दिल्या. पेनरोजला विनिता सकाळीच नायरीच्या खोलीत जाऊन उभी राहिली आणि आपण मंगळवारी काय बघितलं ते सांगितलं. नायरीने नोंदी उघडल्या. "हे मला कळतच नव्हतं," ती म्हणाली. "हा 'कालजी' कोण? मला वाटलं कोणी गिऱ्हाईक आहे." विनिताने त्या शब्दाचा अर्थ सांगितला. नायरीलाही दोन मुलं होती. तरी लेखी ताकीद द्यावी लागली ती तिने दिली, आणि सहा महिने विनिताला एकेका माणसाची गाडी बघण्याची परवानगी राहिली नाही. नोंद मात्र राहिली. काळजी, मंगळवार, दुपारी बारा वाजून चौतीस मिनिटं. ओळी पुसत नाहीत.

सारंगच्या ओळीत 'पर्यंत'ची तारीख टाकायचं काम शुभमकडे आलं होतं. शुभमने ते उघडून तसंच ठेवलं आणि तो तिच्या टेबलापाशी आला. "ताई, मी टाकू की तुम्ही..."

"त्याने मलाच टाकायला सांगितलंय," ती म्हणाली. तिने चार नऊ एकेक करून खोडले.

पण ते सोमवारचं. त्या गुरुवारी हॉस्पिटलातून बाहेर पडायला पावणेपाच झाले होते. दक्षिणेचा वारा सुटला होता आणि ढगांमुळे अंधार लवकर आला होता. समोरच्या बसस्टॉपवरून स्टेशनला बस जायची, तिथून जॉन्सनव्हिलची ट्रेन. मध्ये उतरत्या पायऱ्या होत्या, आणि त्यांच्यावरचा दिवा अजून लागला नव्हता.

दारापर्यंत सारंग पुढे चालत होता. दाराबाहेर तो हळू झाला. खिशातून फोन काढून त्याने त्याचा उजेड पाडला, वाऱ्यात जाकीट सावरता सावरता तो उजेड भलतीकडेच जाई. मग त्याने फोन खिशात टाकला. तिने त्याला बसस्टॉपची गोष्ट सांगितली होती, पण हाताची सांगितली नव्हती. ती कोणालाच सांगितली नव्हती.

आधी तिला वाटलं, वाऱ्याने ओढणी खांद्यावर आली. मग वजन आलं. हात उंचावरून आला होता, कारण तो तिच्यापेक्षा वीतभर उंच होता, पण अंगठा बरोबर तिथेच येऊन टेकला, मानेच्या कडेला, जिथे त्याची जागा होती.

ती थबकली. थांबलेलं त्याच्या अंगठ्याला कळलं.

"व्हॉट?" तो म्हणाला.

"काही नाही," ती म्हणाली. आवाज शाळेतलं काहीतरी सांगत असल्यासारखा ठेवला. "पायरी."

"किती आहेत?"

तिने मोजल्या.

"अकरा," ती म्हणाली. "सावकाश ये."